मधली भिंत आणि मांडवाची मेढ

पोखरणचा स्फोट झाला त्या सोमवारी संध्याकाळी परशुरामने मोठागावच्या आळीत पेढे वाटले, आणि भिंतीपलीकडे त्याचा थोरला भाऊ राघो याने जिलबी वाटली. बॉम्ब एकच, देश एकच, दोघांचा बापही एकच. पण पेढे पलीकडे गेले नाहीत आणि जिलबी अलीकडे आली नाही. दोन्ही गोड खाल्लं ते फक्त मोत्याने. कुत्र्याला भिंतीखालची मोरी ठाऊक होती.

शेवंतीने आपल्या वाट्याचा पेढा देवापुढे ठेवला. नवरा टीव्हीपुढे बसून मांडीवर थापा मारत होता. अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी नोकरी केलेला हा माणूस, पण तिथे नेमकं काय करत होता ते त्याने घरात कधी सांगितलं नाही. विचारलं की ‘देशाचं काम’ एवढंच म्हणायचा, आणि कालवणात मीठ कमी असलं तर तेही त्याच आवाजात सांगायचा. आज त्याला स्वतःच बॉम्ब टाकल्यासारखं वाटत होतं. आता कुणाची आपल्याकडे वाकड्या डोळ्याने बघायची टाप नाही, असं तो तिला पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवंतीने मान डोलावली आणि समईची वात सारखी केली. एवढा मोठा आवाज शेजाऱ्याला ऐकू जावा म्हणूनच केला असेल ना, एवढंच तिच्या मनात आलं. मग शेजारी काय करेल, हे विचारायचं तिने टाळलं. त्याचं उत्तर तिच्या अंगणातच उभं होतं, पुरुषभर उंचीचं आणि वर काचा लावलेलं.

स्फोटाला आता आठवडा होत आला होता. आज रविवार. बुधवारी लेकीची, शालूची हळद, गुरुवारी लग्न. मुलगा वर्तकनगरचा, पोर सुस्वभावी, घर चांगलं. सगळं देवाच्या कृपेने जुळून आलं होतं, आणि सकाळी मांडववाला गोविंदा अंगणात येऊन, हातातली दोरी सोडत, साधा प्रश्न विचारता झाला की मेढ कुठे रोवायची.

हा प्रश्न या घराण्यात आजवर कुणाला पडला नव्हता. दोन्ही भावांच्या घरांना अंगण एकच, म्हणून मांडवही एकच. उंबराची मेढ अंगणाच्या बरोब्बर मधोमध रोवायची आणि तिच्यावरून कापड दोन्ही घरांच्या वळचणीपर्यंत ताणायचं. शेवंती नवरी होऊन आली ती त्याच मेढीखालून. आता त्या मधोमध जागेवर भिंत होती.

“अलीकडेच रोव,” परशुराम म्हणाला. “आपल्या हद्दीत.”

गोविंदाने दोरी टाकून बघितली. अलीकडच्या अंगणात मांडव बसत होता, पण वऱ्हाड बसत नव्हतं. त्याने शेवंतीकडे बघितलं. शेवंतीने हळू आवाजात आपला प्रश्न मांडला. मांडव कसाही होईल, पण धवले कोण म्हणणार?

आगऱ्यांच्या घरी हळदीपासून पाठवणीपर्यंत नवरीला हाताला धरून नेते ती धवलारीण. ती गाते, आणि गाण्यात घरच्या देवांना, हयात माणसांना आणि गेलेल्यांनाही नाव घेऊन मांडवात बोलावते. या घरची धवलारीण म्हणजे भिंतीपलीकडची गोदा, राघोची बायको, शेवंतीची थोरली जाऊ. दिवा स्टेशनापासून कोपरपर्यंत गोदाचा आवाज माहीत नाही असं गाव नव्हतं. आणि गोदा दोन वर्षांत शेवंतीशी एक शब्द बोलली नव्हती.

“दुसरी आणू,” परशुराम म्हणाला. “नायतर कॅसेट मिलते. स्टेशनाजवळ मी बघितली.”

“कॅसेटला आपल्या सासूबाईंचं नाव माहीत आहे का?” शेवंतीने विचारलं.

शालू दारात उभी होती. तिने मेंदीच्या कोनाशी चाळा करत सांगितलं की मोठी आई नसेल तर मला हळदच नको, सरळ हॉल घ्या आणि हार घालून मोकळे व्हा. मुलगी चेष्टेत बोलत नाही, हे आईला तिच्या मानेवरून कळलं. आणि हॉलमध्ये लग्न झालं की पुढच्या पिढीतली सगळी लग्नं हॉलमध्येच होणार, ही भिंत मग देवसुद्धा पाडायचा नाही, हेही शेवंतीला तेवढंच स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा गणू पुढे झाला. गणू म्हणजे शेवंतीचा थोरला, डोंबिवलीतल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा. देश आपली सुरक्षा कशी सांभाळतात यावर तो प्रबंध लिहीत होता, आणि इतकी वर्षं लिहीत होता की त्यातले दोन देश मधल्या काळात नकाशावरून गेले. त्याने चष्मा पुसला आणि सांगितलं की हा सगळा प्रकार त्याच्या दुसऱ्या प्रकरणात जसाच्या तसा आहे.

“एक देश भीतीपोटी भिंत बांधतो,” तो म्हणाला. “शेजाऱ्याला वाटतं, ही माझ्यावरच रोखलेली. तो तोफ आणतो. मग पहिल्याला वाटतं, बघा, भिंत बांधली ते बरं झालं, आता आणखी उंच करू. दोघंही सुरक्षेसाठी करतात आणि दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरतात.”

“आपण तोफ कवा आनली?” परशुरामने विचारलं.

“मोत्या, बाबा.”

ते खरंच होतं. भिंत झाल्यावर परशुरामने अंबरनाथहून मोत्याला आणलं. राघोने दोन कुत्रे आणले. परशुरामने हॅलोजन लावला, तर राघोने भिंतीवर काचा बसवल्या. परशुरामने गाडीवाटेवर सिमेंटचं पिंप ठेवून राघोचा टेम्पो अडवला, तेव्हा राघोने बोअरिंगचा कॉक बंद करून यांचं पाणी तोडलं. अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले ही बातमी ऐकताना परशुराम छाती काढून म्हणाला होता, आपल्याला कुणाची गरज नाही. त्या वेळी तो हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा होता.

“मग देश यातून सुटतात कसे?” शेवंतीने विचारलं.

“बोलून. लढाईच्या सीमेवर गोळ्या चालू असतात ना, तेव्हाही दोन्हीकडचे मोठे लष्करी अधिकारी दर मंगळवारी एकमेकांना फोन करतात म्हणे. आवडतात म्हणून नव्हे. समोरच्याच्या मनात काय आहे ते आपण आपल्या मनाने ठरवू नये म्हणून.”

“आणि पहिला फोन कुणी करायचा?”

“तिथेच घोडं अडतं, आई,” गणू म्हणाला. “प्रबंधसुद्धा तिथेच अडलाय.”

संध्याकाळी गावदेवीच्या ओट्यावर बैठक बसली. जागा गणूने ठरवली, दोन्हीकडची नसलेली. मधे पाण्याची कळशी ठेवली. इकडे परशुराम आणि शेवंती, तिकडे राघो आणि गोदा. सगळे देवीला नमस्कार करून बसले आणि सगळ्यांनी मनात एकच मागणं मागितलं असावं, की समोरच्याला अक्कल दे.

सुरुवात फार चांगली झाली. राघोने प्रबंध कुठवर आला ते विचारलं. गणूने समोरची बाजू आधी ऐकायचं ठरवलं होतं, म्हणून तो ऐकत राहिला, आणि तीच चूक झाली. राघोला ऐकणारा मिळाला की तो मिठागरापासून सुरुवात करी. बापाच्या वेळी खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी कोण उघडत होतं, तिथपासून तो निघाला. परशुरामने त्याला मध्येच गाठला. उघाडीवरून पिंप, पिंपावरून पाणी, पाण्यावरून कुत्रे. आवाज चढले. ओट्यावर खेळणारी पोरं उठून जवळ आली, कारण हे टीव्हीपेक्षा बरं होतं.

“तू भिंत घातलीस,” परशुराम म्हणाला. “बिल्डरला जमीन विकायची म्हनून घातलीस.”

“बिल्डरला नको म्हनून घातली,” राघो म्हणाला. “त्याची मानसं रोज येऊन पावलं टाकून जमीन मोजत होती. चारी बाजू बांधलेली असल तर कोन हात लावत नाय, आसं वकिलाने सांगितलं. तीन बाजू बाहेरच्यांसाठी होत्या. चवथी बाजू तुझ्याकर आली, ती काय मी आभालात बांधू?”

“सांगायचं तरी.”

“सांगितलं.”

“कुनाला?”

राघोने बायकोकडे बघितलं. गोदा इतका वेळ पदर घट्ट धरून देवीकडे तोंड करून बसली होती. आता ती वळली, पण परशुरामकडे नाही, शेवंतीकडे.

“हिला,” ती म्हणाली. “मी अंगनात आली. ही तुलशीजवल होती. मी बोलली, शेवंते, आमी चवथी बाजू गुडघ्याएवरी बांधतो, मधी तुमाला यायला-जायला वाट सोडतो, चालल का? ही माझ्याकर बघत रायली. मी परत इचारलं. हिने हात जोडले आन् घरात निंगून गेली. नोकराला हात जोडतात तसे. तवा मी आमच्या पोराला, दगडूला बोलली, बांध पुरुषभर.”

शेवंतीला तो दिवस आठवला. श्रावणातला पहिला सोमवार, आदल्या दिवशी ती अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन आली होती. शालूचं स्थळ तिसऱ्यांदा मोडलं होतं. तिने महादेवाला शब्द दिला होता, पोरीला हळद लागेपर्यंत दर सोमवारी दुपारी बारापर्यंत मौन धरीन. आणि त्या मौनाच्या पहिल्याच सकाळी जाऊ काहीतरी विचारत उभी राहिली होती. विषय भिंतीचा आहे हे शेवंतीला कळलं होतं. बाराला उत्तर देऊ असं ठरवून तिने हात जोडले होते, माफ करा अशा अर्थाने. बाराला ती बाहेर आली तेव्हा दगडूने विटा उतरवल्या होत्या, आणि परशुराम अंगणात ओरडत होता.

तिने हे सगळं ओट्यावर सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की पोरांना पुढे सरकावं लागलं.

गोदाने ऐकून घेतलं. “दोन वरसं सोमवारी गप,” ती म्हणाली. “आन् हे आमाला आज कललं?”

ते कळलं नाही याला कारण होता परशुराम. त्याने कारखान्याची शिस्त घरात आणली होती, आणि भिंत झाल्यापासून आपल्या घरातली गोष्ट पलीकडे जाता कामा नये असा त्याचा हुकूम होता. मौन, उपास, शालूची स्थळं, सगळंच गुप्त. परशुराम आता कळशीकडे बघत होता.

“उद्या सोमवारच हाय,” गोदा उठत म्हणाली. “सोयीचं वरत दिसतं, शेवंते. भांडान लागलं की गप, लगीन निंगालं की तोंड उघडं.” आणि ती ओटा उतरून गेली. राघो जरा घुटमळला. त्याने कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं, गणूच्या पाठीवर हात ठेवला, सकाळी बघू म्हणाला आणि बायकोच्या मागे गेला.

“पहिल्या फेरीत असंच होतं,” गणू आईला म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

सोमवार उजाडला. शेवंतीने आंघोळ केली, बेलाची पानं धुतली, पिंडीवर पाणी घातलं आणि मौन धरलं. हा शेवटचा सोमवार. परवा शालूला हळद लागली की नवस फिटला. आजचे हे थोडे तास देवाला नीट पोचते केले की झालं. तिला देवाची भीती वाटत नसे, तो तिचा रोजचा होता. पण शब्द दिलेला मोडला आणि पोरीच्या संसाराला काही बाधलं तर, हा विचार तिच्याने करवेना.

अंगणात गोविंदा आणि त्याची माणसं येऊन बसली होती. उंबराची मेढ भिंतीला टेकवून ठेवली होती. परशुराम आणि गोविंदा एका बाजूला, गणू दुसऱ्या बाजूला, असा वाद चालू होता. परशुरामचं म्हणणं, कुदळ मारा आणि अलीकडे रोवा. गणू म्हणत होता, बारापर्यंत थांबू, आई बोलेल तेव्हा बघू. शालू ओसरीवर पाय सोडून बसली होती आणि कुणाशीच बोलत नव्हती. शेवंती तुळशीला पाणी घालायला बाहेर आली.

“शेवंते.”

काचांच्या मागे गोदाचं डोकं दिसत होतं. ती पाटावर उभी असावी. अंगणातली सगळी माणसं थांबली. मोत्यासुद्धा भुंकला नाही.

“हलद जात्यावर काढलीय,” गोदा म्हणाली. “जारी दलू का बारीक?”

शेवंतीच्या हातात तांब्या होता. तीच तुळस, तोच वार, तीच हाक. फक्त भिंत नवीन होती. तिने वर बघितलं. जावेच्या डोळ्यांत राग नव्हता, पण दार अर्धं लोटून ठेवावं तसं काहीतरी होतं. हात जोडले तर गोदाला खरं वाटेल, काल सांगितलं ते सगळं खरंच होतं असं. व्रत राहील, शब्द राहील, आणि हाक दुसऱ्यांदा तशीच परत जाईल. आणि बोललं तर काल संध्याकाळचं सगळं खोटं ठरेल, आणि महादेवाचा शेवटचा सोमवारही जाईल.

तिने शालूकडे बघितलं. मग ओसरीवरून आतल्या देवघराकडे बघितलं, जिथे पिंडीवर बेलाचं पान अजून ओलं होतं. तू सगळ्यांचं ऐकतोस, ती मनात म्हणाली, हिचं तेवढं मला ऐकू दे.

“बारीक, अक्का,” शेवंती मोठ्याने म्हणाली. “शालूची कातडी नाजूक आहे.”

गणूच्या तोंडाचा चंबू झाला. परशुरामने डोक्याला हात लावला, कारण हे व्रत किती कडक होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. सोमवारी एकदा त्याला विंचू चावला होता तेव्हाही बायकोने हातवारे करून डॉक्टर बोलावला होता.

गोदाने काचांवरून मान आणखी वर काढली. “म्हंजे वरत नवतं,” ती म्हणाली.

“होतं,” शेवंती म्हणाली. “आत्ता मोडलं.”

“तू गप रायाची मी वाट बघत होती,” गोदा सावकाश म्हणाली. “गप रायली आसतीस तर खरं मानलं आसतं, आन् मंग आली आसती. तू बोलून घोटाला केलास.”

“मग आता?”

गोदाने नाक ओढलं. ती रडत होती की हळदीने तिला शिंका येत होत्या हे भिंतीमुळे कळायला मार्ग नव्हता. मग ती पाटावरून उतरली आणि पलीकडून तिचा तो दिव्यापासून कोपरपर्यंतचा आवाज ऐकू आला.

“दगडू, पहार आन. काचा संभालून काढ, पोराबालांच्या पायांत जातील. आन् तुजा बाप कुठं हाय? त्याला सांग, मेढ जिथं आसते तिथं रोवायची हाय.”

भिंत सगळी पडली नाही. सगळी पाडायला राघो तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर परशुरामही नव्हता. बिल्डरची माणसं अजून गावात फिरत होती. पण मधोमध, बैलगाडी जाईल एवढी भिंत उतरली, आणि बाकीची गुडघ्याएवढी ठेवावी असं ठरलं. त्यासाठी दोन्ही भावांना एका टोपलीत डबर भरावं लागलं. टोपली उचलताना कोण पुढे आणि कोण मागे यावर ते थोडे भांडले, पण तेवढं चालायचंच. दुपारी बोअरिंगचा कॉक सुटला. पिंप गाडीवाटेवरून हललं आणि त्यात हळदीच्या रात्री मासळी धुतली गेली. दोन्ही अंगणांवर एकच कापड ताणलं गेलं, आणि मेढीच्या सावलीत तिन्ही कुत्रे एकमेकांकडे पाठ करून झोपले.

हळदीला गोदाने धवला धरला तेव्हा तिने आधी गावदेवीला बोलावलं, मग मिठागरावरच्या देवाला, मग सासूबाईंना. त्यानंतर, जे गाण्यात नव्हतं, ते तिने मधेच घातलं. अंबरनाथच्या महादेवाला तिने नाव घेऊन मांडवात बोलावलं आणि त्याला सांगितलं की शेवंतीचा एक सोमवार आमच्याकडे अडकलाय, तो आम्ही पोचवू. बायका हसल्या. शेवंती हसली नाही. तिने शालूच्या गालावर बारीक दळलेली हळद लावली आणि डोळे पदराने टिपले.

गोदा ते नुसतं गायली नव्हती. लग्न झालं, शालू वर्तकनगरला गेली, आणि पुढच्या सोमवारी सकाळी गोदा आपल्या ओट्यावर तोंड मिटून बसली. तुझा मोडलेला वार मी भरते, असं तिने आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं. जिचा आवाज सगळ्या आळीला जाग आणायचा ती बोलेना, तेव्हा लोक तब्येत विचारायला आले. राघोने तिला धोतर कुठे ठेवलंय ते तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिने नुसतं बोट दाखवलं. परशुराम उतरलेल्या भिंतीपाशी येऊन थोरल्या भावाला हळूच म्हणाला, दादा, हे वर्षभर चालू ठेवता येईल का. राघोने त्याला दगड दाखवला, पण हसत.

गणू कॉलेजला निघाला होता. तो मेढीपाशी थांबला आणि मोठ्या आईकडे बराच वेळ बघत राहिला.

“काय रे?” शेवंतीने विचारलं.

“हे कुठल्या प्रकरणात घालू ते कळत नाही,” तो म्हणाला आणि पळतच रिक्षा पकडायला गेला.

दुपारचे बारा वाजले. शेवंतीने देवघरातली घंटा हातात घेतली, अंगण ओलांडलं, भिंत जिथे उतरली होती तिथून पलीकडे गेली आणि गोदाच्या ओट्यासमोर उभी राहून ती वाजवली.

“झालं, अक्का,” ती म्हणाली. “आता बोला.”

गोदाने एक मोठा श्वास घेतला, शेवंतीला हाताला धरून शेजारी बसवलं, आणि दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली.